२५ वर्षं टिकेल अशी हार्डडिस्क कुठली घ्यावी?

ताई, तुमच्याकडे वडिलांनी टाइप केलेले लेख आहेत, आईच्या माहेरचे स्कॅन केलेले फोटो आहेत, लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे जी अजून कॅसेटच आहे, आणि मुलाच्या जन्मापासूनचे मोबाइलमधले फोटो-व्हिडिओ, सगळं मिळून ६०० जीबीच्या आसपास. त्यातलं बरंचसं २०१४ला घेतलेल्या एका एक्स्टर्नल हार्डडिस्कवर आहे, थोडं लॅपटॉपवर, थोडं चार-पाच पेनड्राइव्हमध्ये. आणि तुम्ही विचारताय की आता अशी कुठली डिस्क घेऊ जी २०-२५ वर्षं निर्धास्त टिकेल, पैसे जास्त गेले तरी चालतील.

अशी डिस्क नाहीये. कुठल्याच कंपनीची नाही, कितीही पैसे टाकले तरी नाही. मी गेली २२ वर्षं पुण्यात डेटा रिकव्हरीचं काम करतोय, आणि माझ्या टेबलावर जी डिस्क येते ती कुणाची तरी एकुलती एक कॉपी असते, कारण दुसरी कॉपी असती तर तो माणूस माझ्याकडे आलाच नसता. त्यामुळे कुठली डिस्क घेऊ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा, किती ठिकाणी ठेवू आणि किती वर्षांनी हलवू हा धरा. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या आपल्यापर्यंत आल्या त्या कागद भारी होता म्हणून नाही, कुणीतरी दर पिढीत बसून नक्कल उतरवून घेतली म्हणून. इथेही तेच करायचंय, फक्त हाताने लिहायचं नाहीये एवढाच फरक.

आधी त्या २०१४च्या डिस्कबद्दल, कारण ती मला सगळ्यात जास्त खटकतेय. हार्डडिस्क हे फिरणारं यंत्र आहे, आत चकचकीत तबकड्या असतात त्यांना आम्ही प्लॅटर म्हणतो, त्यावरून हेड (डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) तरंगत जातं आणि मधलं अंतर धुळीच्या कणापेक्षाही कितीतरी कमी असतं. बेअरिंग झिजतं, हेड कमजोर होतं, बोर्डावरचा एखादा भाग जातो. चालू डिस्कचा भरवसा मी साधारण ५ वर्षं धरतो, त्यापुढे ती चालली तर छानच, पण त्यावर घर बांधायचं नाही. आणि कपाटात नुसती ठेवली म्हणजे ती म्हातारी होत नाही असंही नाही, बरीच वर्षं पडून राहिलेली डिस्क एखाद दिवशी लावली की फिरतच नाही असं मी कितीदा बघितलंय. तुमची डिस्क अकरा-बारा वर्षांची आहे, म्हणजे ती आज चालतेय हे नशीब समजा आणि ते नशीब आहे तोवर काम उरकून घ्या.

ते कसं करायचं तर, डिस्क एकदाच लावायची, सपाट टेबलावर, चालू असताना उचलायची-हलवायची नाही. आधी जे परत मिळणारच नाही ते कॉपी करायचं, म्हणजे वडिलांचे लेख (ते काही एमबीच असतील, दोन मिनिटांत होतात) मग आईचे फोटो, मग मुलाचे व्हिडिओ, आणि डाउनलोड केलेले सिनेमे वगैरे असतील तर ते सगळ्यात शेवटी किंवा सोडूनच द्या. लोक नेमकं उलटं करतात, सगळं सिलेक्ट करून एकदम कॉपी मारतात, मग कुठल्यातरी सिनेमात बॅड सेक्टर (डिस्कवरची खराब झालेली जागा) लागतो, डिस्क तिथेच तासभर अडकते आणि त्या ताणात हेड जातं. वेळेचा अंदाज सांगतो, चांगली केबल आणि यूएसबी ३ असेल तर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग मिळतो म्हणजे ६०० जीबीला पावणेदोन तास, पण जुन्या यूएसबी २च्या पोर्टला लावलीत तर सहा तासांच्या वर जाईल, हजारो छोट्या फाइल्स असतील तर त्याहून जास्त. आणि हे काम गुरुवारी काढू नका, पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते हे आपल्याला माहितीच आहे, मध्येच वीज गेली की जुन्या डिस्कला ते झेपत नाही.

कॉपी करताना टिक-टिक असा ठरावीक लयीत आवाज यायला लागला तर तिथेच काढायची. परत लावून बघायचं नाही, फ्रीजमध्ये ठेवायचं नाही (हा उपाय अजून लोक करतात, आत बाष्प धरतं आणि उरलंसुरलंही जातं), कुणाकडून उघडून तर अजिबात घ्यायची नाही. हेड गेलेलं असेल तर ते प्लॅटरवर घासतं आणि घासलेल्या जागेवरचा डेटा जगात कुणीही परत आणू शकत नाही, मी पण नाही. डिस्क लावायच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून ठेवा. ते डिस्कची तब्येत दाखवतं, त्यात रीअॅलोकेटेड सेक्टर आणि पेंडिंग सेक्टर या दोन ओळी बघायच्या. त्यात शून्याच्या वर आकडा असला आणि आठवड्या-महिन्यात वाढत असला तर ती डिस्क जायच्या वाटेवर आहे. आणि सगळं शून्य असलं म्हणजे डिस्क ठणठणीत असंही नाही, काहीही न सांगता गेलेल्या डिस्क माझ्याकडे भरपूर येतात.

पेनड्राइव्ह आणि एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) याबद्दल बऱ्याच जणांचा समज असतो की यात काही फिरत नाही म्हणजे हे जास्त टिकणार. वापरात असेल तर एसएसडी खरंच चांगली, पडली तरी सहसा काही होत नाही. पण त्यात डेटा विद्युतभाराच्या रूपात साठवलेला असतो आणि वीज न देता ठेवलं की तो भार हळूहळू गळतो, उष्णतेत जास्त लवकर. जेडेक नावाची संस्था या वस्तूंची मानकं ठरवते, त्यांच्या मानकात घरगुती एसएसडीला अट अशी आहे की लिहायची क्षमता पूर्ण संपलेली असताना तिने ३० अंश तापमानात बिनविजेचं १ वर्ष डेटा धरून ठेवला पाहिजे. नवी एसएसडी याहून खूप जास्त धरते, घाबरायचं कारण नाही, पण कपाटात १० वर्षं टाकून विसरायची ही वस्तू नव्हे. आणि पेनड्राइव्हमध्ये तर आत कुठल्या दर्जाची चिप आहे हे आपल्याला कळतच नाही. पेनड्राइव्ह हे झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ न्यायचं साधन, त्यात मुलाचं बालपण ठेवू नका. ऑनलाइन १६ टीबीची एसएसडी दीड-दोन हजारात दिसली तर ती खोटी आहे, बोर्डावर छोटीशी चिप लावून आकडा फुगवलेला असतो, कॉपी होतंय असं दिसतं आणि नंतर फाइल्स उघडत नाहीत. नवी वस्तू आणली की एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या टूलने पूर्ण भरून तपासा, एक रात्र लागते पण मन शांत होतं.

सीडी-डीव्हीडीचं थोडक्यात. घरी राइट केलेल्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो, तो उन्हाने, दमटपणाने खराब होतो, २००५-०६ साली राइट केलेल्या लग्नाच्या डीव्हीडी आता अर्ध्याच वाचल्या जातात हे नेहमीचं झालंय. एम-डिस्क म्हणून एक प्रकार आहे त्यात सेंद्रिय रंगाऐवजी खनिजासारखा थर असतो आणि तो नक्कीच जास्त टिकाऊ आहे, पण डीव्हीडीवर ४.७ जीबी आणि साध्या ब्ल्यू-रेवर २५ जीबी, त्यात राइटर लागतो, आणि पुढे वाचायला ड्राइव्ह कुठे मिळणार? निवडक २०० फोटो आणि वडिलांचे लेख यासाठी हौस असेल तर करा, ६०० जीबीसाठी नको.

आता मी स्वतः घरी काय करतो ते सांगतो, तेच तुम्हाला सुचवतोय. एक कॉपी लॅपटॉपवर किंवा घरातल्या कॉम्प्युटरवर, जी रोज डोळ्यासमोर असते. दोन पोर्टेबल हार्डडिस्क, २ टीबीच्या, वेगवेगळ्या कंपनीच्या आणि मुद्दाम सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या, कारण एकाच दिवशी एकाच दुकानातून जोडीने घेतल्या तर दोन्ही एकाच लॉटच्या निघू शकतात आणि लॉटमध्ये दोष असला तर दोन्ही मागेपुढे जातात. एकीवर मी पाडवा असं लिहिलंय, दुसरीवर दसरा. पाडव्याची गुढीपाडव्याच्या आठवड्यात अपडेट होते, दसऱ्याची खंडेनवमीला. त्या दिवशी आपण हत्यारं-अवजारं पुसून पूजेला मांडतोच, तर डिस्कही त्या निमित्ताने बाहेर निघते, फिरते, तपासली जाते. तारखा लक्षात ठेवाव्या लागत नाहीत हा मोठा फायदा. ५ वर्षं झाली की ती डिस्क निवृत्त, नवीन आणायची, सगळं तिच्यावर हलवायचं आणि जुनी लगेच फेकायची नाही, आणखी एक जादा कॉपी म्हणून माळ्यावर नव्हे, कपाटात ठेवायची. माळ्यावर नाही हे यासाठी की पुण्याच्या एप्रिलमध्ये स्लॅबखालचा माळा कसा भट्टीसारखा तापतो तुम्हाला ठाऊकच असेल. पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. तेवढं पुरतं.

आणि या दोनपैकी एक डिस्क तुमच्या घरात राहता कामा नये. यावर मी गिऱ्हाइकांशी सगळ्यात जास्त बोलतो. पुण्यात हे वेगळं समजवायला लागू नये खरं तर. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या घरांमधले कागद, फोटो, पत्रिका सगळं एका दिवसात गेलं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढ्याला पाणी आलं, त्यानंतर आठवडाभर माझ्याकडे चिखलाने भरलेले लॅपटॉप आणि डिस्क येत होत्या, त्यात एक काका होते ज्यांनी अगदी शिस्तीत तीन डिस्कवर तीन कॉप्या केल्या होत्या आणि तिन्ही एकाच टेबलाच्या एकाच खणात होत्या. दोन आम्ही काढू शकलो नाही, तिसरीतलं अर्धंमुर्धं आलं. २०२४च्या जुलैत सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं. पाणीच कशाला, २००३च्या जानेवारीत फिल्म आर्काइव्हच्या जुन्या नायट्रेट फिल्म जिथे ठेवल्या होत्या तिथे आग लागली, इथेच आपल्या लॉ कॉलेज रोडला, आणि त्यात जे गेलं त्यातलं काही आता कुठेच नाही. मोठ्या संस्थेचं होतं तर आपल्या घराचं का नाही होणार. म्हणून दसऱ्याची डिस्क बहिणीकडे चिंचवडला, भावाकडे नाशिकला, किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. माझी सासुरवाडीला साताऱ्यात असते, जाता-येता बदलतो. डिस्क कधी भिजलीच तर एक लक्षात ठेवा, उन्हात वाळवायची नाही आणि लावून बघायची नाही, आहे तशी ओली प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून जाणकाराकडे न्यायची, आत चिखल वाळला की तो प्लॅटरला चिकटतो.

आता गूगल फोटोज आहे ना मग हे सगळं कशाला, हा पुढचा प्रश्न असणारच. क्लाउड वापरा, मी पण वापरतो, ती घराबाहेरची एक चांगली कॉपी आहे. पण तिच्यावरच विसंबू नका. फुकट १५ जीबी मिळतात, त्यात मेलही येतो, फोटोंची अमर्याद फुकट सोय १ जून २०२१ला बंद झाली. दोन वर्षं अकाउंट वापरलं नाही तर ते काढून टाकायचं धोरण डिसेंबर २०२३पासून लागू आहे, म्हणजे एखाद्या गेलेल्या माणसाच्या अकाउंटमधले फोटो आपोआप जाऊ शकतात. आणि मुख्य म्हणजे ते सिंक आहे, बॅकअप नाही. मोबाइलमध्ये जागा करायला म्हणून कुणी गूगल फोटोजच्या अॅपमधून फोटो उडवले की ते क्लाउडमधूनही उडतात, ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात आणि मग संपलं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आयांचं दुःख हेच असतं, डिस्क वगैरे काही बिघडलेली नसते, नातवाने किंवा मुलाने फोन साफ केलेला असतो. तर वर्षातून एकदा गूगल टेकआउटने सगळं उतरवून घ्या आणि डिस्कवर ठेवा, त्यात फोटोंबरोबर जेसॉन नावाच्या छोट्या फाइल्स येतात त्या कचरा समजून उडवू नका, फोटोची तारीख आणि जागा कधी कधी त्यातच असते. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो हा मूळ फोटो नसतो, तो दाबून लहान केलेला असतो आणि काढल्याची तारीखही त्यातून गेलेली असते, घरातल्यांना सांगा की लग्नकार्याचे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तसंच डिस्क कायम कॉम्प्युटरला जोडून ठेवायची नाही. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकताना जो खंडणीवाला व्हायरस येतो, रॅन्समवेअर, तो जोडलेल्या सगळ्या डिस्कवरच्या फाइल्स कुलूपबंद करतो, बॅकअपच्याही. काम झालं की सेफली रिमूव्ह करून काढायची आणि डब्यात.

कॉपी झाली म्हणजे झाली असंही धरू नका. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फाइल्सची संख्या जुळवतात लोक, ते काही नसण्यापेक्षा बरं, पण आतला मजकूर बिघडला असेल तर संख्या तीच दिसते. टेराकॉपीमध्ये व्हेरिफायचा पर्याय आहे, फ्रीफाइलसिंकमध्ये मजकुराप्रमाणे तुलना करायचा पर्याय आहे, वेळ लागतो पण सहा महिन्यांतून एकदाच करायचंय. मात्र फ्रीफाइलसिंकमध्ये मिरर वापरताना जरा जपून, मिरर म्हणजे इकडे जे नाही ते तिकडूनही उडवायचं, त्यामुळे चुकून लॅपटॉपवर उडालेला फोल्डर बॅकअपमधूनही जातो. त्यात उडवलेल्या फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची सेटिंग आहे ती आधी चालू करा. आणि दर वेळी पाच-सहा फाइल्स उघडून खरंच बघा, एक जुना फोटो, एक व्हिडिओ शेवटपर्यंत, एक लेख.

लेखावरून आठवलं, आणि हे तुमच्या बाबतीत डिस्कइतकंच महत्त्वाचं आहे. वडिलांनी टाइप केलेलं मराठी कुठल्या काळातलं आहे? १९९५ ते २००८-१०च्या दरम्यानचं असेल तर ते युनिकोडमध्ये (आज सगळीकडे चालणारी अक्षरं साठवायची एकच पद्धत) नसण्याची शक्यता खूप आहे. तेव्हा श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशा सॉफ्टवेअरवर काम चालायचं, प्रत्येकाचे फॉन्ट वेगळे, आणि फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड साठवलेले असायचे, फॉन्ट लावला की ते मराठी दिसायचं. आज नव्या लॅपटॉपवर ती फाइल उघडते पण नुसती गिचमीड दिसते. फाइल शाबूत, अक्षर गायब. पेजमेकरमध्ये (छपाईची पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) केलेलं असेल तर फाइलसुद्धा उघडत नाही. मला एका निवृत्त प्राध्यापकांच्या सगळ्या फाइल्स सहीसलामत काढून देता आल्या आणि तरी त्यांच्या मुलीला वाचता आलं नाही, कारण फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर होते तो तिने भंगारात दिला होता. नंतर फॉन्ट मिळाले, पण शोधायला तीन महिने गेले. तर वडिलांचा जुना कॉम्प्युटर अजून असेल तर तो देऊ नका. त्यावर फाइल्स उघडून आधी पीडीएफ करून घ्या, पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसवला जातो म्हणजे दिसायला तरी कायमचं नीट दिसेल. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले ते फॉन्टही कॉपी करा. मग निवांत युनिकोड कन्व्हर्टरमधून काढून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा, जोडाक्षरं आणि रफार बऱ्याचदा बिघडतात, कुणीतरी बसून मुद्रितशोधन करावं लागतं. मूळ फाइल मात्र उडवायची नाही, तिन्ही ठेवायच्या.

लग्नाची कॅसेट या पावसाळ्याच्या आत डिजिटल करून घ्या. टेपला बुरशी धरते आणि चालणारे व्हीसीआर दरवर्षी कमी होतायत. बुरशी दिसत असेल (खिडकीतून पांढरट ठिपके दिसतात) तर घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नका, टेप चिकटून तुटते. करून देणाऱ्याला सांगा की डीव्हीडी नको, एमपी४ फाइल हवी, आणि कॅसेट परत घ्या.

कुलूप लावायचं का असं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगून ठेवतो. घराबाहेर जाणाऱ्या डिस्कवर आधार, पॅन, बँकेचे कागद असतील तर बिटलॉकर (विंडोजमधलं डिस्कला कुलूप लावायचं साधन) लावावा हे बरोबर, पण पासवर्ड विसरला आणि रिकव्हरी कीही (कुलूप लावताना मिळणारा लांबलचक आकडा) हरवली तर ती डिस्क उघडायचा रस्ता माझ्याकडे नाही आणि कुणाकडेच नाही. मी घरी दोन भाग केलेत, कागदपत्रं कुलपात आणि फोटो उघडे, कारण चोराला आमच्या आजीचे फोटो दिसले तरी काय बिघडणार आहे, पण माझ्यानंतर माझ्या मुलीला ते दिसले नाहीत तर बिघडेल. रिकव्हरी की कागदावर छापून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवलीय, तिथेच एका पानावर शुद्ध मराठीत लिहिलंय की कुठली डिस्क कुठे आहे, त्यात काय आहे, कुठला पासवर्ड कशाचा. बायकोला आणि मुलीला ते पान माहिती आहे. नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर आपणहून चालू झालेला असू शकतो हेही बघून घ्या, बोर्ड बिघडला तर अचानक ती रिकव्हरी की मागतो आणि ती मायक्रोसॉफ्टच्या कुठल्या अकाउंटला आहे हे कुणालाच आठवत नाही.

फोल्डरच्या नावांचा फार पसारा करू नका, २०१६-०५ मुंज असं वर्ष-महिना आधी लिहिलं की आपोआप ओळीत लागतं. जुन्या फोटोंमध्ये कोण कोण आहे हे मात्र आई आहे तोवर तिच्याकडून लिहून घ्या, त्याच फोल्डरमध्ये एका टेक्स्ट फाइलमध्ये, डावीकडून तिसरी अमुक मावशी असं.

आता लगेच म्हणजे या शनिवारी एवढंच करा, एक नवीन २ टीबीची डिस्क आणा, तपासा, आणि रविवारी सकाळी ती २०१४ची डिस्क लावून आधी वडिलांचा फोल्डर काढून घ्या. दुसरी डिस्क दसऱ्याला घेतली तरी चालेल, तोवर वडिलांचे लेख आणि निवडक फोटो क्लाउडवर चढवून ठेवा. डिस्क फिरली नाही किंवा आवाज आला तर काहीही न करता काढून ठेवा आणि मला मॉडेल नंबर आणि नेमका कसा आवाज येतोय ते लिहा, मग पुढचं बघू.